ताई, त्या होर्डिंगवरची ओळ बदलायची आहे

ताई, तुझ्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसला गेले. रजा शिल्लक होती, पण घरी बसून काय केलं असतं? नवा रायपूरची स्टाफ बस पकडली, खिडकीपाशी बसले आणि डायरीत तुझ्या कामांची यादी लिहायला घेतली. फॅमिली पेन्शन. गॅस. आधार. बँक. रेशन कार्डावरून नाव कमी करणे. मोबाइल नंबर. मध्येच मान वर केली तर तू समोर. रस्त्याच्या कडेला, दोन मजल्यांएवढी. जांभळी साडी, हातात स्टीलचा ग्लास आणि ते तुझं सगळे दात दाखवणारं हसू. खाली ठळक अक्षरांत : "मैंने सुई छोड़ दी. मैं ठीक हो गई."

शेजारच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, ये तो आपकी दीदी हैं ना? कितनी खिली-खिली लग रही हैं."

मी म्हटलं, "हो."

तुला जाऊन चौदा दिवस झालेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. बस पुढं गेली आणि मी यादीत आणखी एक ओळ लिहिली : होर्डिंग.

बाकीची कामं सोपी निघाली. मृत्यूचा दाखला, त्याच्या दहा झेरॉक्स, अनूपची सही. ज्या खिडकीवर गेलो तिथं विचारलं, "वारस कोण?" अनूप पुढं व्हायचा. तुझा मुलगा, एकुलता एक, कुणाला शंका नव्हती. तुझ्या गॅसच्या शेगडीला वारस आहे, ताई. तुझ्या चेहऱ्याला वारस नाही, हे मला नंतर कळलं.

तू मला रजिस्टर म्हणायचीस. पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या बायकांसमोर म्हणायचीस, "आमची नंदी म्हणजे चालतं-बोलतं रजिस्टर हाय बाप्पा. माझ्या भाजीवालीनं कोणत्या दिवशी काय भाव लावला, ते पण हिच्यापाशी सापडते." सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. मला आवडायचं ते. तुझं उलटं होतं. तुला कुणी गोड बोललं की तू त्याच्या हातात घराची किल्ली द्यायचीस. भाऊजी रेल्वेत होते तेव्हा क्वार्टरच्या दारात कुणीही उभं राहिलं तरी तू आधी पाणी आणायचीस, नाव मग विचारायचीस. माझ्या नोकरीच्या मुलाखतीला तुझी कोसा साडी नेसवून तूच मला नेलंस, आणि दुपारभर फाटकाबाहेर डबा घेऊन बसलीस. मी कारकून झाले, तर तू सगळ्या पाऱ्यात सांगितलंस की माझी बहीण साहेब झाली. मी चिडले होते. आभार मानायचे राहून गेले. आज मानते.

पण हा लेख आभारासाठी नाही.

आपलं शेवटचं भांडण सुईवरून झालं. किती वर्षं तू इन्सुलिन घेत होतीस आणि रविवारी सकाळी मी फोन करून आकडा विचारायचे. माझ्या डायरीत दर रविवारी एक ओळ असायची : ताईची शुगर. त्या रविवारी तू म्हणालीस, सुई बंद केली.

"कुणाले विचारून बंद केली?"

"अवं, डॉक्टरच हाय तो तिथला. एकवीस दिवसांत सुई सुटते म्हणते. किती जणांची सुटली."

"कशाचा डॉक्टर? पाटीवर डिग्री काय लिहिली आहे ते वाचलंस?"

"तू काहून इतकी टोकून राहिली मले? तुले माझं बरं झालेलं पाहवत नाही का?"

ते मला लागलं. मी म्हटलं, "मग बस पावडरी घोटत. मले फोन करू नको." आणि फोन ठेवून मी डायरी उघडली, पट्टी लावून ती ओळ खोडली. पुढचे सहा रविवार मी तुला विचारलं नाही. सातव्या आठवड्यात अनूपचा फोन आला. तू आयसीयूत होतीस, तोंडात नळी होती. तीन दिवसांनी संपलं.

सुई सोडवून पावडरी देणाऱ्या त्या केंद्राचं नाव मी इथं लिहीत नाही. वकिलांनी मना केलं आहे. प्रकरण चालू आहे. पण रायपुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळावं अशीच माझी इच्छा आहे.

तेरवीनंतरच्या शनिवारी मी आणि अनूप तिथं गेलो. काचेचं दार, कुंड्या, भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो. 'नंतर'मध्ये तू. मॅनेजर उठून उभा राहिला. "आंटीजी तो हमारी फ़ैमिली थीं," म्हणाला. मी म्हटलं, तिचा फोटो आणि व्हिडिओ काढा, आजच. त्यानं कपाट उघडून तुझ्या सहीचा कागद काढला. फोटो, व्हिडिओ, तपासण्यांचे आकडे, सगळं प्रचारासाठी वापरायची संमती. तुझी ती गोल गोल सही, शेवटी ठिपका.

"मम्मी ने हाँ कहा था, तब ज़िंदा थीं," अनूप म्हणाला. "अब हम मना कर रहे हैं."

"आप कौन होते हैं मना करने वाले, भैया?" अगदी नम्रपणे. "वारिस प्रॉपर्टी में होता है. डेटा में नॉमिनी होता है. नया क़ानून है, हमारा पूरा स्टाफ़ ट्रेनिंग लेकर आया है. फ़ॉर्म में हमने नॉमिनी का कॉलम पहले से रखा है." त्यानं स्क्रीन आमच्याकडं वळवली. तुझं नाव. वय. वजन. नॉमिनी : हेमलता. नातं : अन्य.

अनूपनं माझ्याकडं पाहिलं. "मौसी, ये हेमलता कौन है?"

मॅनेजरच्या ओठांवर बारीकसं हसू आलं. म्हणाला, ही आमच्याकडं फॉर्म भरायची. सोडून गेली. तिचं पत्र आणा, आम्ही विचार करू. ती सापडणार नाही, याची त्याला खात्री होती.

ताई, बावीस वर्षं मी सरकारी फायली सांभाळते आहे. माणूस बोलतो ते वाऱ्यावर जातं. मी म्हटलं, "बहुत अच्छा. यही लिखकर दे दीजिए. कि अधिकार नॉमिनी का है, और नॉमिनी हेमलता है." त्याला वाटलं, ब्याद टळली. त्यानं लेटरहेडवर लिहिलं, सही केली, शिक्काही मारला.

आमच्याच कॉलनीत वरच्या मजल्यावर एक वकीलबाई राहतात. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग मला समजावलं, आणि मी तुला समजावते, कारण तू असतीस तर म्हणाली असतीस, 'मले काही समजून नाही राहिलं, नंदे, सोपं करून सांग.' तर असं आहे. नव्या कायद्यात प्रत्येक माणसाला त्याच्या माहितीवर काही हक्क दिलेत. माझ्याबद्दल काय ठेवलंय ते दाखवा. चुकलं असेल ते सुधारा. जुनं झालं असेल ते अद्ययावत करा. नको ते पुसा. पण माणूस मेला की त्याचं काय, यावर कायदा जवळजवळ गप्प आहे. एकच फट ठेवली आहे. हयातीत कुणाला नेमून गेलं असलं, तर त्याला हे हक्क वापरता येतात. तो नात्यातलाच हवा असं नाही. आणि ही तरतूदही अजून पुरती लागू व्हायची आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! यांनी ते स्वतःच्या अटींमध्ये लिहून ठेवलंय. वर तुम्हाला शिक्क्यासकट दिलंय. आता कुठं पळतील? तुम्ही फक्त ती मुलगी शोधा."

शोधायला चार दिवस लागले. गोल बाजारात, भांड्यांच्या एका दुकानात काउंटरवर होती. पंचविशीची, बारीक, केसांना तेल. मी कुकरचं झाकण बघायचं निमित्त केलं नाही. सरळ विचारलं, "मेरी बहन के फ़ॉर्म में तुमने अपना नाम लिखा था?" आणि तुझा फोटो दाखवला.

ती नाकारेल, असं मी धरून चालले होते. पुढचे तीन प्रश्न तसेच तयार केले होते. ती म्हणाली, "हव दीदी."

"क्यों?"

"सबके में मेरा ही है. वो खाना ख़ाली रहे तो ऐप आगे नहीं बढ़ता था. सर बोले, कुछ भी भरो, लाइन लगी है. बुज़ुर्ग लोग पूछते थे, नॉमिनी माने क्या, किसको क्या मिलेगा. बेटे का लिखो तो बहू बुरा मानेगी, बेटी का लिखो तो बेटा. आधा-आधा घंटा उसी में जाता था. तो मैंने अपना भर दिया."

"और उसने देखा नहीं?"

"आंटी ने तो देखा था. हँसने लगीं. बोलीं, लिख ले, तू भी तो बेटी जैसी है."

म्हणालीच असशील. मला तुझा आवाज ऐकू आला, ताई, आणि तुझा इतका राग आला की मी तो त्या पोरीवर काढला. पोलिसांचं नाव घेतलं. फसवणूक, खोटी कागदपत्रं, तुरुंग, जे सुचलं ते. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. ती रडायला लागली. मालक आला, "क्या हुआ बहनजी?" मी त्यालाही सुनावलं. तू असतीस तर तिला बाजूला घेऊन चहा पाजला असतास. मला तिची दया आली नाही. अजूनही फारशी येत नाही. तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "आंटी कैसी हैं?"

तिला माहीत नव्हतं.

मी सांगितलं. तिनं हातातलं बिलबुक मिटलं. मग म्हणाली, "कहाँ दस्तख़त करना है, दीदी?"

आता इथं मी अनूपला दुखावलं. त्याला एकच हवं होतं. सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये त्याच्याबरोबर काम करणारे लोक त्याला तुझा व्हिडिओ पाठवायचे. 'तेरी मम्मी तो छा गई यार.' प्रत्येकाला तो सांगत बसणार का? "मौसी, बस हटवा दो. मुझे और कुछ नहीं चाहिए." आणि मी हेमलताकडून जो पहिला अर्ज घेतला, तो पुसण्याचा नव्हता. दाखवण्याचा होता. तुझ्याबद्दल जे जे ठेवलंय त्या सगळ्याची नक्कल द्या.

"पुसलं तर सगळं पुसलं जाईल," मी त्याला म्हटलं. "त्यांनी तुझ्या आईला काय काय सांगितलं, ते पण. आधी पाहू, मग पुसू."

"मतलब तब तक चलता रहेगा?"

"हो."

"आपको मम्मी से मतलब नहीं है, मौसी. आपको उनको हराना है."

तो खोटं बोलत नव्हता. दहा-बारा दिवस त्यानं माझा फोन उचलला नाही, आणि मी रोज दोनदा तुझ्या त्या दोन मजली हसण्यासमोरून गेले. जाताना उजवीकडं, येताना डावीकडं. तुला तिथं ठेवण्याचा निर्णय माझा होता. मला माफी मागायची असेल तर एवढ्याचीच मागायची आहे, आणि तीही तुझ्याकडं, त्यांच्याकडं नाही.

नक्कल आली. जाड गठ्ठा. कुणीतरी न वाचताच सगळं छापून दिलं होतं. वकीलबाईंना विश्वास बसेना. त्यात तुझे आकडे होते, फोटो होते, आणि तुझ्या त्यांच्याशी झालेल्या मोबाइलवरच्या गप्पा होत्या. सातव्या आठवड्यातल्या.

तू लिहिलं होतंस : 'सर उल्टी हो रही है. मशीन में साढ़े चार सौ दिखा रहा है.'

उत्तर : 'शरीर ज़हर निकाल रहा है. अच्छा लक्षण है. सुई मत लीजिएगा, मेहनत बेकार जाएगी.'

तू : 'मेरी बहन को पूछूँ क्या? उसको समझता है.'

उत्तर : 'घर वाले डराते हैं. अभी उनसे बात मत कीजिए.'

तू : 'ठीक है. वो वैसे भी नाराज़ है.'

ताई, मी ते पान उलटं करून टेबलावर ठेवलं. स्वयंपाकघरात गेले, कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या, परत आले, पान सरळ केलं. तीच ओळ होती.

तुला माझी आठवण आली होती. तू मला विचारणार होतीस. मी नाराज होते म्हणून तू विचारलं नाहीस, आणि त्यांनी विचारू दिलं नाही. यातला माझा वाटा मी घेते. तो मी कुणाला देणार नाही आणि कुणाकडून माफही करून घेणार नाही. पण त्यांचा वाटा मी त्यांच्या पदरात घालणार आहे, शेवटच्या अक्षरापर्यंत.

गठ्ठ्याच्या शेवटच्या पानावर एक नोंद होती. अनूपनं त्यांना तू गेल्याचं कळवलं त्या दिवसाची. 'परिवार से सूचना : क्लाइंट नहीं रहीं. वीडियो जारी रखें, रिस्पॉन्स अच्छा है.'

मी अनूपला बोलावलं नाही. ती दोन पानं पाकिटात घालून त्याच्या घरी दिली. तासाभरात तो दारात उभा होता. चप्पल न काढता आत आला, जेवणाच्या टेबलाशी बसला. म्हणाला, "कहाँ साइन करना है?" वारस म्हणून ग्राहक आयोगात तक्रार त्यालाच करता येत होती. त्यानं प्रत्येक पानावर सही केली, आणि प्रत्येक सहीआधी पान वाचलं.

नोटीस पोचली त्याच दुपारी मॅनेजरचा फोन. आवाजातला सगळा मध आटला होता. "मॅडम, हम आज ही सब हटा देते हैं. होर्डिंग, वीडियो, फ़ाइल, सब डिलीट. आप केस वापस ले लीजिए."

"फाइलला हात लावू नका," मी म्हटलं, आणि मग हिंदीत, त्याला नीट कळावं म्हणून. "अब वो सबूत है. एक काग़ज़ भी मिटा तो वो भी लिखवाऊँगी."

"पर आप ही तो हटवाने आई थीं!"

"आई थी. आपने हटाया नहीं."

तो म्हणाला, "मॅडम, आप आख़िर चाहती क्या हैं?"

मला गंमत वाटली, ताई. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं, आणि ते त्यानं. मी म्हटलं, लेखी कळवते.

आणखी एक सांगते. तुला हे आवडेल. हेमलता परवा घरी आली होती. दुकान सुटल्यावर, हातात केळी घेऊन. म्हणाली, "दीदी, मैं तो बहुत लोगों की नॉमिनी हूँ. उनमें से और भी कोई..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी तिला बसायला सांगितलं. आठवतील ती नावं तिनं सांगितली, मी लिहून घेतली. तीन घरी जाऊन आले आहे. दोघं ठणठणीत आहेत आणि अजून पावडर घेतात. त्यांना घेऊन सरळ खऱ्या डॉक्टरकडं गेले. तिसऱ्या घराला कुलूप होतं. त्या वृद्ध गृहस्थांचं काय झालं, ते शेजारी सांगत नाहीत. मी परत जाणार आहे.

वकीलबाई म्हणाल्या, आता नॉमिनीचा दुसरा अर्ज करून टाकू, पुसण्याचा. आपल्याकडं सगळ्याच्या नकला आहेत, आता पुसायला हरकत नाही. चार हक्क आहेत, त्यातला शेवटचा. त्यांनी फॉर्म पुढं केला. मी म्हटलं, पुसायचं नाही. मधले दोन वापरायचे. चुकीचं सुधारा आणि जुनं अद्ययावत करा. तिच्याबद्दल त्यांनी जगाला जे सांगितलंय ते खोटं आहे, आणि आता जुनंही झालंय. त्यांनी गुपचूप होर्डिंग उतरवलं, व्हिडिओ काढला, की उद्या तिथं दुसऱ्या कुणाची आई हसेल. ज्यांनी ज्यांनी तिला पाहून तिथं पाय ठेवला, त्यांना पुढचं कोण सांगणार?

वकीलबाईंनी चष्मा काढला. "ते हे कधीच करणार नाहीत."

"आयोगाला तर तसं मागता येतं ना? जाहिरात केली तशीच जाहिरात करून दुरुस्ती?"

"मागता येतं," त्या म्हणाल्या. "देतील की नाही ते माहीत नाही. वेळ लागेल."

लागू दे. माझ्या निवृत्तीला अजून आठ वर्षं आहेत.

काल त्या दुरुस्तीच्या जाहिरातीचा मजकूर करायला बसलो. मी, अनूप आणि वकीलबाई. मी कागदावर लिहिलं : 'इन्होंने हमारे कहने पर सुई छोड़ी. सातवें हफ़्ते में इनकी मृत्यु हुई.' दोन वाक्यं, सगळं त्यात आलं. पण फोटोचं मला ठरवता येईना. मी म्हटलं, फोटो काढून टाकू का? मृत्यूच्या बातमीवर असलं हसू बरं दिसत नाही. नाहीतर अनूप, तुझ्या आईचा आधारवरचा साधा फोटो लावू.

अनूपनं कागद स्वतःकडं ओढला. हाच मुलगा महिनाभर मला सांगत होता, की हटवा, फक्त हटवा. त्यानं दोन्ही वाक्यं वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्यानं.

"नहीं मौसी," तो म्हणाला. "फ़ोटो वही रहेगा. हँसता हुआ. साइज़ भी उतना ही, जगह भी वही. सिर्फ़ लाइन बदलेगी."

मी तसंच लिहिलं.